वायसर

न्हाणीमागच्या नळाचा वायसर गेलाय. गेलाय म्हणजे, जाऊन दीड महिना झाला. नवा वायसर स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या खणात, सुतळीच्या गुंड्याशेजारी पुडीत पडून आहे. ह्यांनी खडेबाजारातून आणला, दहा रुपयांना चार. लागणार एकच, खरं दुकानदार सुटा देईना. रोज रात्री जेवताना ह्यांचं विचारणं होतं, “घातलास काय वायसर?” आणि माझं ठरलेलं, “घालतो की उद्या.”

(आमच्याकडं बायकाही घालतो, येतो, जातोच म्हणतात. मुलगा पुण्याला शिकायला गेल्यापासून फोनवर मला ‘घालते’ म्हणायला शिकवूलालाय. मी ‘घालते’ म्हटलं की घरात कुणी परकी बाई शिरल्यासारखं वाटतं.)

घरातलं पाना-पकडीचं काम माझ्याकडं. ह्यांचे गुडघे जिना चढू देत नाहीत आणि टाकीची चावी वर गच्चीत. काम दहा मिनिटांचं. वर जायचं, चावी बंद करायची, तोटी उघडून जुनं रबर खरवडायचं, नवं बसवायचं. मी हे डोळे मिटून करू शकतो. तरी झालेलं नाही.

आणि वर्ष कसलं, तर हे असलं. गेल्या वर्षीचा, म्हणजे २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या सगळ्या ऑगस्टांत कोरडा, असं पेपरात आलं होतं. पेपरानं सांगायची गरज नव्हती, आमच्या दोरीवरचे कपडे त्या महिन्यात तासाभरात वाळत होते. बेळगावात ऑगस्टमध्ये कपडे वाळणं हाच अपशकुन. पुढं राज्यातल्या २३६ तालुक्यांपैकी २२३ दुष्काळी जाहीर झाले. पावशा जूनपासून ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ करून घसा बसवून घेत होता, त्याचं कुणी ऐकलं त्यांचं बी गेलं. आता एप्रिल संपत आला तरी वळवाचा पत्ता नाही. ढग येतात, गडगडतात, खानापूरच्या अंगाला निघून जातात. राकसकोप धरणाची पातळी सकाळी फिरायला जाणारी मंडळी एकमेकांना क्रिकेटच्या स्कोअरसारखी सांगतात. ह्यांच्या कट्ट्यावर तर १९२४ च्या अधिवेशनासाठी खणलेल्या टिळकवाडीच्या काँग्रेस विहिरीपर्यंत गाडी जाते. त्या काळी लोक आधी पाणी बघत आणि मग माणसं बोलवत, असा एकंदर सूर. नळ आठवड्यातून एकदा. वॉलमननं चावी फिरवली की गल्लीच्या ह्या टोकाला “पाणी आलं” आणि त्या टोकाला “नीरू बंतू”, आणि दोन्ही भाषांतल्या बायका एकाच वेळी पदर खोचून घराबाहेर. संप, म्हणजे जमिनीतली टाकी, भरायचा, मोटर लावून वरची टाकी भरायची आणि मग आठ दिवस दातांनी धरून वापरायचं.

अशा दिवसांत परसात नळ गळतोय म्हणजे काय, हे मला कळत नाही असं नाही. ह्यांनी तर रात्रभर खाली भांडं ठेवून मोजलं. दिवसाला सव्वा बादली. हा आकडा घरात आता वारंवार उच्चारला जातो.

सुरुवात कुंभारणीपासून झाली. एका दुपारी वाळलेले कपडे घेऊन मागच्या पायरीवर घड्या घालत बसले होते (बघा, लिहिताना मी ‘बसले’ लिहितो, शाळेनं तेवढं शिकवलं). नळाखाली ताटलीएवढी माती ओली होती. तिथं ही बारीक कमरेची माशी येऊन बसली, डोकं खाली घालून घुंऽऽ करत चिखलाची गोळी वळली, ती कवटाळून माझ्या कानाजवळून खिडकीतून आत गेली. थोड्या वेळानं परत. पुन्हा गोळी, पुन्हा आत. उठून मागोमाग गेले तर सासऱ्यांच्या फोटोमागं तिचं बांधकाम चाललेलं. एकटीचंच. ह्या माश्यांच्यात घर बांधायचं ते बाईनंच. एकेका खोलीत गुंगवलेले कोळी भरून ठेवायचे, वर अंडं घालायचं, तोंड लिंपून टाकायचं आणि जायचं. मला एवढंच वाटलं की अख्ख्या गल्लीत ओली माती असेल तर ती आमच्या नळाखालीच. उद्या वायसर घातला की हिचं घर अर्धवट राहील. मग म्हटलं, एवढं होऊ दे. परवा घालू.

परवा मधमाश्या दिसल्या. दगडाच्या ओल्या कडेला रांगेत बसून पाणी शोषत होत्या. त्या प्यायला नेतात तसं पोळं गार करायलाही नेतात. थेंब पसरायचे आणि पंखांनी वारा घालायचा. आमच्या हॉलमधला कूलर तेच करतो, फक्त आवाज जास्त करतो. मग खार. ती ओल्या मातीवर पोट टेकून, चारही पाय फाकून, साष्टांग दंडवत घातल्यासारखी पडून राहते. पहिल्यांदा मला मेलीच वाटली. चारच्या सुमाराला सातभाई येतात आणि नळावर बायका भांडाव्यात तसे भांडतात. पाणी पिणारा एक, बाकी सहा त्याला बोलणारे. दोनदा मुंगूस आलं. गटारीच्या भोकातून निम्मं बाहेर येऊन, इकडंतिकडं बघून, चार घोट घेऊन परत. त्याला बघितल्याबरोबर मी ह्या वयात पुटपुटलो, “मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ.” दाखवलं. शेजारच्या कानडी आक्का कुंपणापलीकडून म्हणाल्या, “मुंगुसी, मुंगुसी.” प्राणी एकच, भाषेत फरक एका वेलांटीचा.

ह्याच आक्कांना मी सांगत होतो की गेल्या वर्षी दांडेलीला धनेश बघायला पहाटे पाचला उठून गेलो, तीन तास मान वर करून उभं राहिलो आणि दिसली ती झाडं. आक्का म्हणाल्या, “हित्तल गिडा मद्दल्ल.” परसातल्या झाडाचं औषध होत नाही. त्यांच्याकडं प्रत्येक गोष्टीला एक म्हण असते आणि ती वापरून झाली की त्या आत निघून जातात.

ह्या सगळ्यांत दांडगा म्हणजे कावळा. दुपारी एकच्या उन्हात तो शेवग्यावर चोच वासून बसतो. त्याला घाम येत नाही, धापा टाकूनच अंग गार करावं लागतं. हे ठाऊक असूनही तो आपल्याकडं बघून ‘आऽ’ वासून काही मागतोय असंच वाटतं. कुठून तरी भाकरीचा कडक तुकडा आणतो. धुण्याच्या दगडाला एक खळगा पडलाय, तिथं थेंबथेंब पाणी साठतं. त्यात तुकडा टाकतो, मान तिरकी करून बघत राहतो, मऊ झाला की खातो. आणि त्याच वेळी आत सासूबाई भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून, मान तिरकी करून बघत बसलेल्या असतात. शहाऐंशी वर्षं, तोंडात दात एक. मी पायरीवर बसले की डावीकडं आई, उजवीकडं कावळा, आणि दोघांची भाकरी एकाच वेळी भिजत असते. एकदा न राहवून आईंना उठवून दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, “तुझ्या सासऱ्यांना पण कडक चालायची नाही गं.” आणि त्या दिवसापासून त्या आपल्या ताटातली चतकोर बाजूला काढायला लागल्या. दगडावर नेऊन ठेवायचं काम माझं.

शाळेत संस्कृतमध्ये वायस म्हणजे कावळा शिकलो, तेव्हा आमच्या बाकावर वायसर म्हणजे कावळ्यांचे सर अशी व्युत्पत्ती निघाली होती. तेव्हा बाईंनी उभं केलं होतं. आता वाटतं, फार काही चुकलं नव्हतं.

मी अगदीच बेजबाबदार आहे असं नाही. मातीची परळ आणून पाणी भरून ठेवलं, म्हटलं आता नळ दुरुस्त करायला हरकत नाही. तर बुलबुल आले, साळुंक्या आल्या, कावळ्यानं पहिल्याच दिवशी कुणाकडचं तरी मटणाचं हाड आणून त्यात भिजत घातलं. मुंगूस उघड्यावर यायला तयार नाही. आणि कुंभारणीला पाणी नकोच आहे, तिला चिखल पाहिजे. परळीत चिखल कोण ठेवतं?

मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, आई, रोज मोजून एक तांब्या पाणी मातीवर ओत आणि नळ बंद कर. हिशेब बरोबर आहे. वडिलांवर गेलाय. खरं, हातानं ओतलेलं पाणी म्हणजे ओतलेलं दिसतं. एक तांब्या जमिनीवर उपडा करताना मला ह्या वर्षात कुणी बघितलं तर काय म्हणेल? नळ आपला आपण गळतो.

काहिलीची आठवण ह्यावरूनच आली.

माझं आजोळ अथणी तालुक्यात. आमच्या ह्या जिल्ह्याचं मला नेहमी नवल वाटतं. एका टोकाला कणकुंबी, मलप्रभा जिथं उगवते, तिथं पावसाळ्यात चार महिने भिंती ओल्या. दुसऱ्या टोकाला अथणी, जिथं ढग बघायला माणसं घराबाहेर येतात. आजोळाहून कृष्णा लांब नव्हती, खरं उन्हाळ्यात ती पण वाळूच. अजूनही मे महिना आला की कोयनेतून पाणी सोडा म्हणून बेंगळूरहून मुंबईला पत्र जातं. बाकी वर्षभर दोन्हीकडं काय चालतं ते आपण जाणतोच.

१९८७ चा उन्हाळा. मी नऊ वर्षांची. मामाच्या विहिरीत कासव होतं. विहिरीत कासव असलं की पाणी स्वच्छ राहतं आणि घर टिकतं, म्हणून आजोबांच्याही आधीपासूनचं. त्या वर्षी पाणी तळाला गेलं, मग डबकं झालं, मग कासवाची पाठ उघडी पडली. आम्ही पोरं पायऱ्यांनी खाली उतरून करवंटीनं घागर भरायचो, एका घागरीला पाऊण तास. कपारीतले पारवे डोक्यावरून फडफडत जायचे आणि कासव आमच्या पायाशी दगडासारखं बसून. एक दिवस मामानं त्याला बुट्टीत घालून वर काढलं आणि चिंचेखाली, गुळाच्या काहिलीत सोडलं. ऊसच नव्हता, गुऱ्हाळ कुठलं? काहील रिकामीच होती. ढोपरभर खोल लोखंडी तळं, त्यात हातभर पाणी आणि मधोमध ते.

आजी पेटली. तिनं बाहत्तर बघितलेलं, लाल मिलो ज्वारीची भाकरी खाऊन दिवस काढलेले. “माणसास्नी प्यायला न्हाई आणि ह्येला आंघोळ.” मामानं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी काहिलीच्या काठावर वाकून तोंड धुवायला लागला, म्हणजे चूळ बाहेर, तोंडावरचं पाणी आत. मग आम्ही पण. मग हात धुवायचे ते तिथं, तांदळाचं धुवण तिथं, पाहुणा आला तर त्याला पाय धुवायलाही तिथंच नेऊन उभं करायचं. घरातलं सगळं वापरलेलं पाणी त्या कासवाकडं वळलं. पंधरा दिवसांनी बघितलं तर आजी काठावर उभी, चूळ न भरता नुसतं तोंड धुऊलालेली. संध्याकाळी काहिलीवर चिमण्या, होले, माश्या. एकदा धामण येऊन पाणी पिऊन गेली. आम्ही माडीवरून श्वास धरून बघत होतो.

पाऊस आल्यावर, पुरता आल्यावर, विहीर भरली तेव्हा आजीनं त्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं आणि बुट्टी दोरानं खाली सोडली. ते पाण्यात कसं उतरलं ते मला दिसलं नाही. पुढं मोठी पोरं उभी होती.

मामानं पुढं बोअर मारली. नवं घर बांधताना विहीर बुजवली, त्याला अकरा वर्षं झाली. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो होतो. विहिरीच्या जागेवर फरशी घालून मांडव घातला होता, पंगत तिथंच बसली. मी दोनदा जिलेबी वाढून घेतली, हे मला चांगलं आठवतं. कासव तेव्हा आठवलंच नाही. ते आठवलं गेल्या आठवड्यात, पायरीवर, कपड्यांच्या घड्या घालताना.

काल मामाला फोन लावला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालाय, फोन कानाला उलटा धरतो. गुडघ्यांचं झालं, ज्वारीचं झालं, बोअर किती फुटांवर गेली ते झालं. मग विचारलं, “मामा, विहीर बुजवली तेव्हा कासव त्यात होतं काय?”

फोन कट झाला असं वाटलं मला. तसा तो बराच वेळ गप्प राहिला.

मग म्हणाला, “तुमच्याकडं पाणी आलंय काय गं?”