शून्य ते दहामध्ये ठणका कुठे बसतो?

"शून्य ते दहा, किती दुखतंय?"

इथे हॉस्पिटलमध्ये पाऊल टाकलं की पहिला प्रश्न हाच. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. नर्स टॅब घेऊन समोर उभी असते आणि मी मनातल्या मनात हिशेब घालत बसते. कारण माझ्याकडे आकडा नसतोच, शब्द असतात. कमरेत ठणका आहे. उजव्या मांडीतून मधूनच चमक जाते. बरगडीत पहाटे काहीतरी सलत राहतं. या तिघांची बेरीज करायची की सरासरी काढायची, हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी आपली 'पाच' म्हणते. ती पाच टिपते, आम्ही दोघी सुटतो.

अकरा वर्षं झाली या देशात. ऑफिस, मुलीची शाळा, बँकेशी हुज्जत, सगळं इथल्या भाषेत करते. स्वप्नंसुद्धा अर्धीमुर्धी त्याच भाषेत पडतात. दुखणं मात्र मराठीतच राहिलं.

सहा वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन, किमो, रेडिएशन, मग रोजची टॅमॉक्सिफेनची, हार्मोन अडवणारी गोळी. सुटलो एकदाचे, असं घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं. मीही. त्यामुळे कंबर धरली तेव्हा ऑफिसच्या खुर्चीला शिव्या घातल्या. दोन महिने फिजिओथेरपी केली. मग स्कॅन झाला, आणि मणक्यांत, खुब्यात, एका बरगडीत ठिपके दिसले. चौथी स्टेज. ताईने फोनवर विचारलं, "म्हणजे आता हाडांचा कॅन्सर?" तर नाही. हाडांत जाऊन बसला तरी तो स्तनाचाच, औषधंही त्याचीच. तिथला तुकडा काढून पुन्हा तपासला, कारण नव्या ठिकाणी गेल्यावर त्याचा स्वभाव कधी कधी बदलतो. माझ्याचा बदलला नव्हता. अजून हार्मोनवरच पोसला जाणारा.

डॉक्टर सरळ बोलल्या. पूर्ण बरा होणार नाही, पण उपचार आहेत, आणि एक संपला की दुसरा. हे वाक्य मी परक्या भाषेत ऐकलं आणि त्या वेळी ते बरंच वाटलं, कारण ते पूर्ण आत पोहोचलंच नाही. रात्री आईला सांगण्यासाठी मनात मराठीत जुळवायला घेतलं तेव्हा पोहोचलं. तीन आठवडे मी आईला "कंबर जरा धरलीय" एवढंच सांगत राहिले.

आता रोज एक गोळी, इस्ट्रोजेन बनू न देणारी. तिच्या जोडीला दुसरी, कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणारी, २१ दिवस घ्यायची आणि ७ दिवस सुट्टी. सुट्टी मला नसते, माझ्या पांढऱ्या पेशींना असते. त्यातल्या न्यूट्रोफिल्स हजाराच्या खाली उतरल्या की पुढची फेरी लांबते, म्हणून रक्ताचा रिपोर्ट यायच्या दिवशी घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. या जातीची पहिली गोळी अमेरिकेत २०१५ साली मान्य झाली. माझ्या मुलीपेक्षा लहान औषध आहे हे. शिवाय हाडांसाठी महिन्याला एक इंजेक्शन. ते सुरू करण्याआधी दातांच्या डॉक्टरकडे पाठवतात, कारण त्या औषधाने क्वचित जबड्याचं हाड खराब होतं. कॅन्सर कमरेत आणि मी दाढ दाखवत बसलेली. तिथे मला हसू फुटलं. दंतवैद्यबाईंना काही कळेना.

मग एक दिवस चिठ्ठी मिळाली, पॅलिएटिव्ह विभागात जा. माझ्या पायाखालची जमीन सरकली. आपल्याकडे हा शब्द म्हणजे 'आता घरी न्या'. नवरा गाडीत एक शब्द बोलला नाही. मी आत गेले ती मुलीच्या पासवर्डची वही कुठे आहे हे आठवत.

तिथल्या डॉक्टरांनी आकडा विचारलाच नाही. तुमच्या भाषेत काय म्हणतात, म्हणाल्या. मी म्हटलं, ठणका. त्यांनी तो कागदावर लिहून घेतला, 'ठन्का' असं काहीतरी म्हणून पाहिला आणि विचारलं, कसा असतो? मला सांगता येईना. मी मूठ वळली, उघडली, वळली, उघडली. त्या बघत राहिल्या आणि त्याच लयीत टेबलावर बोटाने ठोकू लागल्या. असा? हो, असाच. आणि रात्री जास्त. मग चमक कशी, तर मी बोट कमरेपासून गुडघ्यापर्यंत सर्रकन ओढलं. सल? त्याला हातवारे सापडले नाहीत. काटा मोडून आत राहिलाय आणि दिसत नाही, असं सांगितलं.

त्या दिवशी पहिल्यांदा समजलं की हे तीन वेगळे शब्द नुसती आपल्या भाषेची हौस नव्हे. ठणका हाडाचा होता, त्यावर एकाच बैठकीतलं रेडिएशन दिलं आणि दोन-तीन आठवड्यांत तो बराच उतरला. चमक नसेची होती, तिला वेगळी गोळी. सलीसाठी वेदनाशामकाची वेळ बदलली. माझ्या 'पाच'मध्ये हे तिन्ही वर्षभर गाडलेले होते.

पॅलिएटिव्ह म्हणजे खरं तर दुखणं-त्रास हलका करणारी सेवा, पण ती म्हणजे शेवटचे दिवस, ही समजूत इथल्या लोकांतही आहे, म्हणून डॉक्टरांनीच २०१० सालच्या एका अमेरिकन अभ्यासाचं सांगितलं. फुफ्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून ही सेवा दिली. त्यांचं जगणं सुसह्य झालं, नैराश्य कमी झालं, आणि शेवटच्या टप्प्यात आक्रमक उपचार कमी घेऊनही ते सरासरीने जास्त जगले. माझा आजार वेगळा, तो आकडा माझा नव्हे. पण परतीच्या वाटेवर नवरा बोलायला लागला. पार्किंगच्या पावतीवरून वाद घातला, म्हणजे ठीक होता.

त्यांनीच मला गटाकडे पाठवलं. फक्त चौथ्या स्टेजच्या बायका, दर पंधरा दिवसांनी, हॉस्पिटलच्याच एका खोलीत. आधी मी एका दुसऱ्या गटात गेले होते. तिथे सगळ्या उपचार संपवून बाहेर पडलेल्या. त्या चांगल्याच होत्या, पण मी बोलायला लागले की खोलीत गारवा पसरायचा. त्यांना ज्याची भीती होती ते मी होते. दोनदा गेले, मग पार्किंगमधूनच परत फिरले.

या खोलीत तसं नाही. इथे कुणी "लढ" म्हणत नाही. पहिल्या दिवशी शेजारच्या बाईने विचारलं, "तुझी कितवी लाइन?" उपचारांची म्हणे, एक औषध चालेनासं झालं की पुढची लाइन. मी पहिल्या, ती पाचव्या. ती नऊ वर्षं पाचव्या लाइनपर्यंत चालत आलीये आणि लोकरीचं काहीतरी विणतेय, हे पाहून मला जे वाटलं ते कुठल्याही सुविचाराने वाटलं नव्हतं. गेल्या महिन्यात एक खुर्ची रिकामी झाली. त्या दिवशी कुणी विषय बदलला नाही, हेही तितकंच खरं.

अशा गटांबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. १९८९ साली स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ८६ बायकांचा अभ्यास छापला. गटात बसणाऱ्या जवळपास दुप्पट काळ जगल्या होत्या. केवढी आशा! मग २००१ मध्ये कॅनडात २३५ बायकांवर तेच पुन्हा तपासलं, तर आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. मन मात्र हलकं झालेलं दिसलं, आणि दुखणं कमी जाणवलं, विशेषतः ज्या आधी जास्त खचल्या होत्या त्यांना. ऐकून खोलीतल्या कुणाला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. उलट सगळ्या सैल झाल्या. म्हणजे हसत राहिलो नाही म्हणून मरणार नाही आपण! एकीने तर लगेच रडून घेतलं.

म्हणूनच तिकडून, आपल्या माणसांकडून येणारे "पॉझिटिव्ह राहा, सगळं मनावर असतं" मला चावतात. प्रेमाने म्हणता, माहीत आहे. पण सगळं मनावर असेल तर स्कॅन बिघडला की दोष माझ्या मनाचा. त्यापेक्षा माझ्या मावसबहिणीसारखं करा. ती स्कॅनच्या आदल्या रात्री फोन करते, आजाराचा चकार शब्द काढत नाही, आणि तिच्या वरच्या मजल्यावरच्या बाईच्या भानगडी अर्धा तास रंगवून सांगते. पुढचा भाग रिपोर्ट आल्यावर.

परवा तो रिपोर्ट आला. एक शब्द होता, 'स्टेबल'. गटात आम्ही या शब्दावर टाळ्या वाजवतो. आईला फोन लावला. तिथे पहाट होती, पण ती पहिल्या रिंगलाच उचलते हल्ली. मी म्हटलं, "आई, स्टेबल आहे."

"म्हणजे कमी झाला?"

"कमी नाही गं. पण वाढलेला नाही. कुठे नवीन नाही."

ती जरा वेळ गप्प. मागे तिचा पंखा कुरकुरत होता.

"म्हणजे आहे तिथेच बसलाय?"

"हो."

"बसू दे मग मेल्याला तिथेच," ती म्हणाली. "ठणका कसाय?"