अकीकाच्या सोबतीला काय घालायचं?

गुजरातमधल्या रतनपूरचे अकीक (ॲगेट, पट्ट्यापट्ट्यांचे खडे) पहिल्यांदा घरी आणले, तेव्हा व्हायब्रेटरी टंबलरमध्ये, म्हणजे खडे थरथरवत घासून गुळगुळीत करणाऱ्या यंत्रात, नुसते खडेच भरले. दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत यंत्र दोन दिवस घरघरत होतं. झाकण उघडलं, तर माझ्या लाडक्या मधाळ खड्याच्या कडेला चंद्रकोरीसारखे टवके! फार जीव हळहळला. खडा खड्यावर आपटत होता, मध्ये भरण असं काही नव्हतंच.

मग प्लॅस्टिकचे दाणे घातले. टवके थांबले, पण दाणे हलके, त्यामुळे घासणंही कमी. शिवाय त्यांच्यात ग्रिट (खडे घासायची खरखरीत पूड) रुतून बसतं. ५०० नंबरच्या ग्रिटचे जाडसर कण पॉलिशच्या फेरीत शिरले, तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून प्रत्येक टप्प्याचे दाणे वेगळ्या बरणीत.

आता मी सिरॅमिकचे छोटे दंडगोलच वापरते, ३ आणि ६ मिलिमीटरचे मिसळून. बारीक तुकडे खड्याच्या खोबणीत शिरतात, ग्रिट तिथवर नेतात आणि धुतले की स्वच्छ निघतात. नवे असताना मात्र त्यांच्या कडा बोचऱ्या असतात. आधी एक फेरी त्यांना एकटंच फिरवून घ्या.

भांडं रिकामं ठेवू नका, जवळजवळ भरा. पाणी चमच्यानेच, खडे ओलसर दिसतील इतकं. शेवटी पॉलिशसाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड.

काल निघालेला खडा आईने खिडकीपाशी उन्हात धरला. आतले पट्टे मोजत ती बराच वेळ उभी होती.