बंदुकीचं सोडून विचारा

इथे कोलोरॅडोत आमच्या मराठी मंडळाच्या प्रत्येक पॉटलकला (ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ आणायचं जेवण), भाताच्या रांगेत, कुणीतरी विचारतंच: "एल्कच्या, म्हणजे त्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जायचं तर बंदूक घ्यायची नि जायचं. वर्षभर कसली तयारी करताय?" पाठोपाठ दुसरा प्रश्न, जरा हळू आवाजात: "आणि खरंच मारणार?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते, म्हणजे दिवाळीत मला चकली सुखाने खाता येईल.

बंदुकीचं आधी उरकते. रायफल आहे, नेमबाजीच्या सरावाला रेंजवर जाते, दोनशे यार्डांपलीकडे गोळी झाडायची नाही हे ठरलंय. कोलोरॅडोत १९४९ पासून पुढे जन्मलेल्यांना सुरक्षेचा कोर्स केल्याशिवाय परवाना मिळत नाही, तो कोर्सही झाला. इतर शिकाऱ्यांना दिसावं म्हणून अंगावर भडक नारिंगी हवं, २०१६ पासून गुलाबीही चालतं. मी गुलाबी घेतलं, त्यावरचे विनोद ऐकून झालेत. आणि हो, सरावासाठी पाठीवर सोना मसुरीच्या गोण्या बांधून हॉर्सटूथचा डोंगर चढणारी बाई मीच. तुमच्यातल्या काहींनी पाहून न पाहिल्यासारखं केलंत, हरकत नाही.

पण हे सगळं गोळी सुटेपर्यंतचं झालं. माझी खरी तयारी त्यापुढची आहे.

मागच्या ऑक्टोबरात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने फ्लॅट टॉप्सच्या डोंगरांत एल्कची मादी मारली. मांस खाली आणायला माणसं कमी पडली म्हणून त्याने मला बोलावलं. मी हमाल म्हणून गेले. दहा हजार फुटांवर, वाळून आडव्या पडलेल्या स्प्रूस झाडांच्या ओंडक्यांमध्ये ती पडली होती. वरून बर्फाची भुरभुर चाललेली, पण कातडीखाली हात घातला तर अंगात अजून चांगली ऊब. ती ऊबच घात करते. कातडी लवकर उतरवली नाही तर थंडीतही हाडालगतचं मांस नासतं. मी मागचा पाय वर उचलून धरायचा आणि त्याने खुब्याचा सांधा सुरीने मोकळा करायचा, असं ठरलं. जनावर नर की मादी याचा पुरावा मांसाला जोडलेलाच ठेवावा लागतो, इथला नियमच आहे. म्हणून कासेचा तुकडा मांडीला तसाच ठेवायचा होता. त्याने कासेच्या कडेने सुरी फिरवली आणि पातं पांढरं झालं.

दूध.

पिल्लं मे-जूनमध्ये होतात, आतापर्यंत चरायला लागलेली असतात, कळपाबरोबर तगतात, असं तो काम न थांबवता म्हणाला. खोटं नव्हतं ते. मी पाय सोडला नाही. सोडला असता तर सुरी त्याच्या हातात घुसली असती. ओघळ माझ्या हातमोज्यावर आला, मनगटापर्यंत. मग तीच तंगडी, हाडासकट पंचवीसेक किलो, पाठीवर बांधून अंधारात उतरले. खाली गाडीपाशी पोचेपर्यंत हातमोजा गोठून ताठ झाला होता.

"मग तुला जायचंच कशाला गं?" आई कोल्हापुरातून फोनवर विचारते. रविवारी "अर्धा किलो द्या, नळी वेगळी घाला" असं मटणाच्या दुकानात सांगणारी माझ्यातली बाईही तेच विचारते. कापायला माणूस आहे, तू कशाला हात बरबटून घेतेस? माझ्यातल्या त्या बाईला मी अजून पटवू शकलेले नाही. दाखले भरपूर देते. इथे अमेरिकेत रायफली-काडतुसांवरच्या ११ टक्के कराचा पैसा १९३७च्या कायद्यापासून वन्यजीवांच्या कामाला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोतले एल्क जवळपास संपले होते, वायोमिंगहून आणून सोडले, आज अडीच लाखांवर आहेत. आपलं कोल्हापूरकडचं दाजीपूरसुद्धा संस्थानाच्या शिकारीसाठीच राखलेलं रान, आज तिथे गवे फिरतात. सगळं खरं. फक्त हे दाखले मला जायचं ठरल्यानंतर सापडले, आधी नाही.

यंदाचा माझा परवाना नराचा आहे. शिंगांची हौस म्हणून नव्हे! शिंगं भिंतीवर टांगली नाहीत तरी चालतं, खाण्याजोगं मांस टाकलंत तर गुन्हा होतो. नर घेतला तो दुधामुळे. सहकारी म्हणतो, कळपाची संख्या आवरायची तर माद्याच माराव्या लागतात. तू नर निवडलास तो तुझ्या मनाच्या सोयीसाठी, एल्कच्या नव्हे. यावर माझ्याकडे उत्तर नाही. परवानाही बदललेला नाही. आमच्या भागात मारायच्या नराच्या शिंगाला एका बाजूला चार टोकं हवीत, नाहीतर कपाळाजवळचं टोक पाच इंची तरी हवं. म्हणून हल्ली रात्री फोटोंवर टोकं मोजत बसते. आमचे हे म्हणतात, पोरांचा अभ्यास कधी एवढा घेतला नाहीस.

खरंच मारणार का? वारा माझ्या तोंडावर असेल, नर आडवा उभा असेल, अंतर बेताचं असेल, तर बहुतेक हो. त्या क्षणी बोट काय करेल, ते आज इथे बसून लिहिण्यात अर्थ नाही. पण नर तीनशे किलोच्या घरात जातो, म्हणजे मादीपेक्षा खेपा जास्त. तेव्हा ज्यांनी ज्यांनी "रस्सा करशील तेव्हा बोलाव" असं सांगून ठेवलंय, त्यांनी ऑक्टोबरअखेरचा शनिवार-रविवार मोकळा ठेवा आणि चांगले बूट घेऊन या. एक खेप तुमची.