पाठवायच्या आधी मायले वाचून दाखवा

माझी पहिली कादंबरी प्रकाशकाकडून साभार परत आली तेव्हा लय राग आला होता. सोबतच्या पत्रात एकच ओळ, बोलीत सातत्य नाही. मी म्हटलं शहरातल्या लोकाईले वऱ्हाडी काय समजते, अन बाड कपाटात टाकून दिलं.

दीड वर्षानं काढून वाचलं तं बाप्पा, पान १२ वर जो म्हातारा "मले" म्हणते तोच पान १५ वर "मला" म्हणतो, कुठं "वावर" कुठं "शेत", अन हे सगळं मीच लिहिलेलं. आता प्रूफ तपासणारा माणूस काय करणार, त्याच्यासमोर मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम असतात, १९६२ चे १४ अन १९७२ चे ४, त्यात पात्राच्या तोंडी बोलण्यातली रूपं लिहायची मोकळीक आहे, पण आपणच कधी असं कधी तसं लिहिलं तं त्याले वाटते चूक आहे अन तो सगळे "मले" पुसून "मला" करून टाकते. मंग पुस्तक छापून येते अन त्यात आपलं गावच नसते!

म्हणून मी आता एक वही केली, कोणतं पात्र कोणतं रूप बोलते ते त्यात लिहून ठेवतो. मोबाईलचं स्पेलचेक वऱ्हाडीत काहीच कामाचं नाही, सगळ्या शब्दाखाली लाल रेघ. आपल्याकडं बैलानं ओढायचा डवरा ओळीमधलं तण काढते, झाडाच्या बुडाशी असलेलं हातानंच निंदावं लागते, तसं हे आपल्यालेच एकेक शब्द पाहून काढावं लागते.

अन मोठ्यानं वाचा. मी रोज सांजच्याले मायले एक प्रकरण वाचून दाखवतो. तिसऱ्या प्रकरणात मी ऐन श्रावणात कापसाची वेचणी दाखवली होती, पाऊस पाहिजे होता म्हणून. मायनं तिथंच थांबवलं, "अरे सावनात कापूस कोणाच्या वावरात फुटते? तवा तं पराटीले पात्या धरते!" पाच वेळा वाचलं होतं मी ते, मृगात पेरलेली पराटी, म्हणजे कापसाचं झाड, दसऱ्याच्या आसपास फुटते हे मले काय माहीत नव्हतं? पण लिहिताना दिसलंच नाही. अन संपादकाले हे पकडता आलंच असतं असं नाही, ते आपलंच काम आहे. अख्खं प्रकरण नव्यानं लिहिलं, वेचणी काढली, त्या जागी निंदण घातलं, अन खरं सांगतो, आधीपेक्षा कितीतरी चांगलं झालं.

सध्या सातवं चालू आहे. एकदा वेचणी लागली की माय दिवसभर वावरात अन रात्री जेवली की झोपते, म्हणून दसऱ्याच्या आत उरलेली नऊ प्रकरणं वाचून काढायची आहेत.