जास्वंद, पिठ्या आणि परसातल्या पऱ्हाट्या

फेब्रुवारी सरता सरता जास्वंदीचे शेंडे आखडायला लागले. मला वाटलं, पाणी कमी पडायलंय. आमच्या गल्लीत उन्हाळा जवळ आला की नळाचा भरवसा नसतो, त्यामुळं झाड जरा सुकलं की पहिला संशय पाण्यावरच. चार दिवस भाज्या धुतलेलं पाणी ओतत राहिले. मग एक शेंडा मोडून उन्हात धरला, तर पानांच्या बेचक्यात कापसाचे बारीक पुंजके. बोटानं दाबलं तर चिकट ओल. खालची पानं तेल ओतल्यासारखी चकाकत होती आणि त्यावर काजळी धरली होती. पिठ्या ढेकूण.

परभणी जिल्ह्यात राहून शेतीशी संबंध नाही असं घर सापडायचं नाही. आमचंही शेत आहे, दीर बघतात. त्यामुळं घरात फवारणीचा पंप होता आणि सल्ला द्यायला सगळी गल्ली. दुकानातून कपाशीवर मारायचं औषध आणलं. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून चार हातांवर ते मारताना पोटात कालवलं, पण मारलं. दोन दिवस झाड स्वच्छ. तीन आठवड्यांत पुन्हा तसंच, उलट शेजारच्या भेंडीवरही. पिठ्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, त्यावरून पाणी घरंगळून जातं. अंडी तर कापसाच्या पिशवीतच असतात, त्यांना औषध शिवतही नाही. हे मला नंतर कळलं.

दुसरा प्रयोग माझ्या डोक्यातला. धुण्याची पावडर पाण्यात कालवली आणि भर दुपारी बारा वाजता मारली. संध्याकाळपर्यंत पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी. पिठ्या मात्र मजेत.

आत्याबाई ओसरीवर शेंगा फोडत हे सगळं बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अगं, मुंग्या कुठं चालल्यात ते तर बघ आधी. नुसतं औषध मारून मारून झाड मारायलीस."

मुंग्या होत्याच, त्यात विशेष काय, असं मला वाटत होतं. पण बसून बघितलं तेव्हा लक्षात आलं की त्या झाडावर पोटापाण्यासाठी येत होत्या. पिठ्या रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो खातात. बदल्यात त्या पिठ्याला राखतात, त्याला खायला येणाऱ्या किड्यांना हुसकावतात आणि पिल्लं उचलून नव्या शेंड्यावर नेऊन ठेवतात. म्हशी राखाव्यात तसं. मुंग्यांची वाट तोडल्याशिवाय काही खरं नव्हतं.

खोडाला प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली आणि तिच्यावर ग्रीस फासलं. ग्रीस थेट सालीला लावायचं नाही, साल खराब होते. दुसऱ्या दिवशी बघते तर मुंग्या वर आहेतच! अर्धा तास मान वर करून उभी राहिले तेव्हा सापडलं. एक फांदी कपडे वाळत घालायच्या दोरीला टेकली होती आणि मुंग्या घराच्या भिंतीवरून दोरीनं, साहेबाच्या धोतराच्या कडेकडेनं झाडावर उतरत होत्या. (साहेब म्हणजे सासरे. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली तरी गल्ली त्यांना साहेबच म्हणते.) फांदी छाटली.

मग किडीकडे वळले. फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून उन्हात ठेवले, उकिरड्यावर टाकले नाहीत. उरलेल्या झाडाला बोरच्या पाइपनं जोराचा फवारा, पानाच्या खालच्या बाजूनं. निम्मा पिठ्या तर पाण्यानंच गळतो. त्यानंतर निंबोळी. दारातल्या कडुलिंबाच्या निंबोळ्या जूनमध्ये वेचून सावलीत वाळवून ठेवलेल्या होत्याच. एक लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम कुटून रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून पिळायच्या, त्यात थोडा पातळ साबण. आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबायचं. फवारणी दिवस मावळताना, कारण निंबोळीतलं कडू द्रव्य उन्हात टिकत नाही. आणि ती लागलीच मारत नाही. किडीची भूक मरते, कात टाकणं अडतं. म्हणून आठ-आठ दिवसांनी तीनदा केली. घाई असणाऱ्याचं हे काम नाही.

दुसऱ्या फवारणीच्या आधी एक चूक केली, तिचं अजून वाईट वाटतं. शेंड्यांवर पिठ्यापेक्षा मोठ्या, अंगावर झुलपं असलेल्या पांढऱ्या अळ्या दिसल्या. मी जुन्या ब्रशनं दहा-बारा चिरडल्या. त्याच दिवशी पुतण्या आला होता, परभणीला कृषी विद्यापीठात शिकतो. म्हणाला, "काकू, हे कशाला मारायलात? हे तर पिठ्या खायलेत!" ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची पिल्लं होती, क्रिप्टोलेमस किंवा त्याच्या भावकीतलं कुणीतरी. हा किडा 1898 साली ऑस्ट्रेलियातून मुद्दाम भारतात आणला होता म्हणे, असल्याच किडींसाठी. ओळखायची खूण त्यानं सांगितली: पिठ्या सुस्त असतो, काडी लावली तरी जागचा हलत नाही. ही अळी तुरुतुरु चालते. तेव्हापासून ज्या फांदीवर अळ्या दिसतील ती फवारणीतून सोडून देते.

पण पिठ्या आला कुठून, हे पुतण्यानंच शोधलं. एक किडा तळहातावर घेऊन वरची पूड फुंकली. पाठीवर दोन काळ्या रेघा. "हा कपाशीवरचा आहे," म्हणाला आणि सरळ परसात गेला. न्हाणीमागं शेतातून आणलेल्या पऱ्हाट्यांची (कपाशीच्या वाळल्या काड्यांची) उडी, म्हणजे रास, रचलेली होती, बंबाला जाळायला. खालच्या पऱ्हाट्यांच्या सुकल्या बोंडांत पांढरे पुंजके तसेच. आणि उडीच्या कडेनं गाजर गवत माजलेलं, त्याच्याही शेंड्यांवर तेच. मी दोन महिने झाडाशी भांडत होते आणि कारखाना न्हाणीमागं चालू होता.

गवत फुलायच्या आत उपटलं. पऱ्हाट्यांवरून मात्र घरात जुंपली. आत्याबाईंना फुकटचं जळण टाकवेना. शेवटी ठरलं की आधी तीच उडी संपवायची. भर उन्हाळ्यात साहेबांनी इतक्या कढत पाण्यानं आंघोळ केली की विचारू नका.

जूनच्या दुसऱ्या पावसानंतर जास्वंदीला कळ्या धरल्या. पिठ्या अजून एका फांदीवर थोडा आहे, ढालकिडेही आहेत, मी तिकडं जात नाही. यंदा कपाशी निघाली की पऱ्हाट्या शेताच्या बांधावरच ठेवायच्या असं दिरांना सांगून झालंय. ते "हो वहिनी" म्हणालेत. आत्याबाई काही बोलल्या नाहीत.