घड्याळातली उंची आणि घोट्याजवळची हवा

भाच्याच्या मनगटावर उंची सांगणारं घड्याळ होतं आणि दर शंभर मीटरला तो आकडा मोठ्यानं वाचून दाखवत होता. मी गुडघ्यांमुळे मागे. हळू चालणाऱ्याची नजर आपोआप पायाशी राहते, त्यामुळे गढवालातल्या चोपता ते चंद्रशिला या वाटेवर त्यानं आकडे पाहिले आणि मी झाडं.

चोपता साधारण २,७०० मीटरवर. मे नुकता लागला होता. सुरुवातीला बुरांशाची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची, फुलं बघायला मान मागे टाकावी लागत होती. खरसू ओकाच्या फांद्यांना शेवाळाच्या दाढ्या लोंबत होत्या आणि मध्येच बुरांशाचा लाल ढीग. वर जाता जाता तो लाल फिका होऊन गुलाबीवर आला. मग एका वळणानंतर बुरांशाची दुसरीच जात भेटली, फिक्या जांभळ्या फुलांची. ही झाड म्हणवत नाही. हिची खोडं उताराच्या दिशेनं आडवी पसरून मग कोपरातून वळल्यासारखी वर उठतात, कारण वर्षातले काही महिने त्यांच्यावर बर्फ बसून असतं. एक पान उलटून पाहिलं तर खालून तपकिरी लव, जुन्या कांबळ्यासारखी. आता फुलं माझ्या डोळ्यांसमोर होती. आणखी थोडं वर गेले तर कमरेला.

“मावशी, ३,३०० झाले! इथं झाडं संपतात,” भाचा वरून ओरडला.

संपत नव्हती, म्हणजे घड्याळाला वाटत होतं तिथं तरी नाही. शाळेत आम्हाला डोंगर शिकवला तो शर्टाच्या पट्ट्यांसारखा: खाली रुंदपर्णी, मग सूचिपर्णी, मग गवत, टोकाला बर्फ. इथं घळीतून जंगल वर घुसलेलं आणि धारेवरून गवत खाली उतरलेलं. पट्ट्यांचं ते चित्र रुजवणाऱ्यांत जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्ट मोठा. १८०२ मध्ये तो इक्वाडोरच्या चिंबोराझोवर चढला आणि नंतर डोंगराचा उभा छेद काढून कुठली वनस्पती किती उंचीवर ते त्यात लिहिलं. चित्र देखणंच आहे. २०१२ मध्ये अभ्यासक पुन्हा तिथं गेले तेव्हा वनस्पती बऱ्याच वर सरकलेल्या दिसल्या. नेमक्या किती, यावर मात्र पुढे वाद झाले.

दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते, हे ठीक. पण मग झाड थांबतं तिथून पुढे रोपटी मजेत कशी वाढतात? उत्तर उंचीतच आहे, फक्त डोंगराच्या नाही, झाडाच्या. उंच झाडाचा शेंडा वाहत्या हवेत असतो, म्हणून हवा जितकी गार तितकाच तोही. शिवाय स्वतःच्या सावलीनं ते मुळांखालची माती गार ठेवतं. पाच-सहा अंशांखाली नव्या पेशी जवळपास बनत नाहीत, वाढ खुंटते. जमिनीला चिकटलेलं रोप मात्र वाऱ्याच्या खाली दडतं आणि ऊन धरून ठेवतं.

हे मला बुग्यालावर, म्हणजे झाडांच्या वरच्या गवताळ कुरणावर, बोटानं कळलं. वारा असा, की कान बधिर झालेले. वितळत्या बर्फाच्या कडेला प्रिम्युलाचे जांभळे गेंद उगवले होते. शेजारी खडकाला बिलगून उशीसारखं गच्च काहीतरी वाढलं होतं, नाव मला माहीत नाही. त्यात बोट खुपसलं तर आत चक्क ऊबदार.

प्राण्यांपैकी पक्ष्यांचं सोपं, हिवाळा आला की त्यातले कितीतरी खालच्या जंगलात उतरतात. पिका कुठं जाणार? उंदीर आणि सशाच्या मधलं दिसणारं हे बिनशेपटीचं गोळेदार जनावर (नातं सशाशी) शीतनिद्राही घेत नाही. वाटेतल्या तुंगनाथ मंदिराच्या वरच्या दगडांच्या राशीत एक दिसला. तोंडात पान, आमच्याकडे एक नजर, की गडप. त्या फटींतही वेगळीच हवा असते: उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात वरच्या बर्फाच्या गोधडीमुळे बाहेरच्यापेक्षा बरी.

चंद्रशिलेच्या शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ-पासष्ट टक्क्यांवर येतो. माझं बोलणं बंद झालं होतं. भाच्याचं नव्हतं.

उतरताना मी त्याला म्हटलं, तुझं घड्याळ तापमान सांगतं ना, मग जरा पिकाच्या फटीत ठेवून बघ. त्यानं ठेवलं. ते घरंगळत आत गेलं. तो पोटावर आडवा पडून माझी काठी खुपसत होता आणि मी वरून सूचना देत होते. पट्टा काठीला अडकेपर्यंत वीस मिनिटं गेली, आणि या गडबडीत तापमान बघायचं राहूनच गेलं.