आमची वाटचाल : स्टॉक स्टेटमेंट ते जीएसटी रिटर्न

आमच्या पाटीवर 'बिझनेस कन्सल्टंट्स' असं लिहिलंय, पण ओळखीचे सगळे आम्हाला 'लोनवाले' म्हणतात आणि ते खरंच आहे. साकीनाका, मरोळ, वागळे इस्टेट, वसईचं वालीव, भिवंडी इथल्या छोट्या कारखानदारांसाठी बँकेच्या कर्जाची फाइल तयार करायची, मंजुरी येईपर्यंत तिचा पाठपुरावा करायचा आणि मंजुरीनंतर दर महिन्याला बँकेला जे जे द्यावं लागतं ते वेळेत पोचवायचं, एवढाच आमचा धंदा. १९९४ साली फोर्टात, बोराबाजारातल्या एका जुन्या इमारतीच्या पोटमाळ्यावर सुरू केला. भागीदार सीए. मी साधा बी.कॉम., पण एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काही वर्षं काढलेली.

फोर्टातच का, तर सगळं तिथेच होतं. मिंट रोडला रिझर्व्ह बँक, हॉर्निमन सर्कलभोवती जुन्या बँकांच्या इमारती, पलीकडे दलाल स्ट्रीट, नरीमन पॉइंटला स्टेट बँक, युनियन बँक, सेंट्रल बँक यांची मुख्य कार्यालयं. देशातल्या कर्जाची धोरणं या दीड-दोन मैलांत ठरायची. साकीनाक्याच्या गाळेवाल्याला मात्र त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. त्याची बँक म्हणजे त्याच्या शाखेतले मॅनेजरसाहेब. त्यांच्या अधिकारात बसलं तर तिथल्या तिथे, नाहीतर फाइल झोनल ऑफिसला, आणि झोनलला गेलेल्या फाइलवर दिवाळीपर्यंत बोलायचं नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने २ लाखांवरच्या कर्जांचे व्याजदर ठरवायची मुभा बँकांना दिली. तोवर दर वरून यायचा, त्यात घासाघीस नव्हती. आता पीएलआर, म्हणजे बँकेचा मूळ कर्जदर (प्राइम लेंडिंग रेट), आला, 'पीएलआर प्लस किती' ही बोलणी आली, आणि बोलणी करायची तर टेबलावर ठेवायला आकडे हवेत. आमचं दुकान चालायला लागलं ते या एका बदलाने. सीएमए डेटा नावाचे जे तक्ते आजही प्रत्येक फाइलला जोडतो ते १९८८ च्या क्रेडिट मॉनिटरिंग अरेंजमेंटमधले, मुळात मोठ्या कर्जदारांसाठी केलेले. पत्र्याचे डबे दाबणाऱ्या माणसाला 'पुढच्या दोन वर्षांचा प्रोजेक्टेड बॅलन्स शीट द्या' म्हटलं की तो आधी भागीदाराकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि म्हणायचा, "साहेब, मला पुढच्या महिन्याचं विचारा."

या धंद्यात काय शिकलो असं कोणी विचारलं तर मी रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीचं सूत्र कागदावर मांडून दाखवतो. लघुउद्योगाला खेळतं भांडवल किती द्यायचं, तर वर्षाच्या अंदाजित विक्रीच्या २५ टक्के लागेल असं धरायचं. त्यातले २० टक्के बँकेने द्यायचे, ५ टक्के मालकाने घालायचे. विक्री १ कोटी, तर बँक २० लाख, मालक ५ लाख. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आलेलं हे सूत्र आजही ५ कोटींपर्यंतच्या लिमिटला, म्हणजे मंजूर कर्जमर्यादेला, चालतं. सोपं आहे आणि चांगलंही आहे, कारण त्याआधी टंडन समितीच्या पद्धतीने हिशेब मांडताना छोट्या माणसाची दमछाक व्हायची. पण २५ टक्के म्हणजे पैसा वर्षातून चार वेळा फिरतो असं गृहीत धरलंय. कच्चा माल आणला, काम केलं, माल दिला, पैसे आले, हे सगळं तीन महिन्यांत. मुंबईत ज्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकांनी तीन महिन्यांत हिशेब चुकता केला असे कारखानदार मला फार भेटलेले नाहीत.

पुढचा हिशेब डीपीचा, म्हणजे ड्रॉइंग पॉवरचा, त्या महिन्यात खात्यातून प्रत्यक्ष किती काढता येतील त्याचा. लिमिट ४० लाखांची मंजूर झाली म्हणून ४० लाख काढता येत नाहीत. समजा गाळ्यात ४० लाखांचा माल आहे आणि त्यातल्या १२ लाखांचे पैसे व्यापाऱ्याला द्यायचे राहिलेत. उरले २८. त्यावर २५ टक्के मार्जिन कापलं की २१. येणी ३० लाखांची, पण ९० दिवसांवर गेलेली ६ लाखांची बँक धरत नाही. राहिली २४, त्यावर ४० टक्के मार्जिन, झाले १४ लाख ४० हजार. डीपी ३५ लाख ४० हजार. एवढेच काढायचे. मार्जिन बँकेगणिक बदलतं, सांगाडा हाच.

आता मोठ्या कंपनीने पैसे थकवले की काय होतं बघा. येणी ९० दिवसांच्या पुढे सरकतात आणि डीपीतून गळतात. हातात पैसा नाही म्हणून मालक पत्र्याच्या व्यापाऱ्याला थांबवतो. देणी वाढली की स्टॉकमधली वजावट वाढते, डीपी आणखी खाली. ज्या महिन्यात पैशाची सगळ्यात जास्त नड, त्याच महिन्यात बँक कमी देते. यात बँकेचा दुष्टावा नाही, आपलं तारण पातळ झालं की कोणीही हात आखडता घेईलच. पण त्या गाळेवाल्याच्या जागी बसून हा हिशेब केला की पोटात गोळा येतो. आमचं अर्धं काम हेच असतं: कुठली येणी कधी ९० ओलांडणार ते आधी ओळखायचं आणि त्या कंपनीच्या अकाउंट्स खात्यात महिनाभर आधीपासून फोन लावायला बसायचं. याला कन्सल्टन्सी म्हणायचं की वसुली, ते भागीदार आणि मी अजून ठरवलेलं नाही.

जुन्या दिवसांत अशा वेळी मॅनेजर कामाला यायचा. लिमिटच्या वर दोन-तीन लाख, पंधरा दिवसांसाठी, टीओडी (टेम्पररी ओव्हरड्राफ्ट). पगाराचा दिवस आहे, कंपनीचा चेक सोमवारी येतोय, मॅनेजर त्या माणसाला दहा वर्षं ओळखतोय, खाली सही करतोय. यातून कित्येक कारखाने तरले. आणि हेही सांगायला हवं की याच खिडकीतून नको ते लोकही आत शिरले. कोणाला टीओडी मिळणार आणि कोणाचा चेक परत जाणार हे ओळखीवर ठरायचं, दिवाळीच्या डब्यावर ठरायचं, आणि काही ठिकाणी डब्यावर भागत नसे. मॅनेजरची बदली झाली की नवा माणूस पहिल्या आठवड्यात सगळे टीओडी भरून घ्यायचा आणि गाळेवाला रस्त्यावर. त्यामुळे 'पूर्वी बँकेत माणुसकी होती' असं म्हणणाऱ्यांशी मी निम्माच सहमत आहे.

ती खिडकी हळूहळू बंद झाली. २०००-०१ च्या व्हीआरएसमध्ये, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीत, सरकारी बँकांतून सुमारे १ लाख माणसं बाहेर पडली, त्यात कर्जाचं काम हातात मुरलेले पुष्कळ होते. मार्च २००४ पासून एनपीएचा, म्हणजे किती दिवस थकलं की खातं थकीत कर्ज धरायचं त्याचा, नियम १८० दिवसांवरून ९० दिवसांवर आला. सगळ्या शाखा एका संगणकाला जोडणारं कोअर बँकिंग आलं, मग लिमिट ओलांडलेलं खातं झोनलच्याही पडद्यावर दिसायला लागलं. फायली प्रोसेसिंग सेंटरला जायला लागल्या, जिथल्या अधिकाऱ्याने गाळा कधी पाहिलेलाच नसतो. सीसी (कॅश क्रेडिट) खात्यात स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल आणि येणी-देणी यांचा बँकेला द्यायचा तक्ता, तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल तर त्यावर काढलेली रक्कम अनियमित धरतात आणि तशीच स्थिती ९० दिवस राहिली तर खातं एनपीए, मग धंदा कितीही ठणठणीत असो. लिमिटचं रिन्यूअल १८० दिवस रखडलं तरी तेच. आमच्याकडे येणाऱ्या अडलेल्या खात्यांत नुकसानीत गेलेले कमी आणि नुसते कागद न दिलेले जास्त, हे ऐकून लोकांना खोटं वाटतं.

मुंबईचा आणखी एक घोळ म्हणजे जागा. बाहेरगावचा बँकर म्हणतो, कारखाना आहे ना, मग गहाण टाका. इथे निम्म्या जुन्या शहरातला गाळा पागडीचा. दोन पिढ्या तिथे धंदा, वीजबिल नावावर, गुमास्ता नावावर, भाडेपावती महिन्याला दीडशे रुपयांची, बाजारात त्या पागडीला लाखो रुपये. पण मालकी घरमालकाची, म्हणून बँकेच्या लेखी तारण शून्य. धारावीत तर टायटलचा विषयच काढायचा नाही. इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा असेल तर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, एनओसी, मूळ करारांची साखळी. त्यातला १९७८ चा एक करार स्टँपविना निघाला की सर्च रिपोर्ट देणारे वकील तिथेच पेन खाली ठेवतात. अशा माणसांना सीजीटीएमएसईने खरा आधार दिला. २००० साली केंद्र सरकार आणि सिडबी या लघुउद्योगांच्या बँकेने उभी केलेली ही हमी योजना, तिचं कार्यालयही मुंबईतच. तारण नसलं तरी हमी ट्रस्टची. २०१० मध्ये सूक्ष्म आणि लघुउद्योगांना १० लाखांपर्यंत तारण मागायचंच नाही अशी सक्ती रिझर्व्ह बँकेने केली. हमीची मर्यादा वाढत वाढत २०२५ मध्ये १० कोटींवर गेली. तरीही शाखेत पहिला प्रश्न 'घर कोणाच्या नावावर आहे?' हाच असतो. आम्ही परिपत्रकाची प्रत फाइलला वरच लावून देतो. वाद घालण्यापेक्षा ते बरं.

मालाची पाहणी हा आमचा आवडता कार्यक्रम. बँकेचा नियम असा की तारण दिलेल्या मालाच्या जागी बँकेच्या नावाची पाटी हवी. ऑइल पेंटने रंगवलेली ती पाटी बहुतेक गाळ्यांत दाराच्या मागे उलटी ठेवलेली असते, कारण गिऱ्हाइकाने पाहिली तर त्याला वाटतं शेठ कर्जात बुडालाय. पाहणीच्या दिवशी पोऱ्या ती पुसून खिळ्याला लावतो. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया बँक ऑफ बडोदात गेल्या, पुढच्या १ एप्रिलला आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, सिंडिकेट कॅनरात, अलाहाबाद इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये. वालीवच्या एका पेंटरने त्या काळात पाट्या पुन्हा रंगवायचं बरंच काम केलं. आमच्याकडे आयएफएससी बदलले, चेकबुकं बदलली, आणि ज्या अधिकाऱ्याला फाइल तोंडपाठ होती तो दुसऱ्याच शहरात गेला.

सहकारी बँकांचंही सांगितलं पाहिजे, कारण आमच्या मराठी आणि गुजराती कारखानदारांचा जीव त्यांच्यातच. घराजवळ, ओळखीच्या, पटकन निर्णय घेणाऱ्या. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध आणले आणि खात्यातून काढायची मर्यादा सुरुवातीला १ हजार रुपये होती. त्या बँकेच्या कर्जांचा मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे अडकला होता. ज्याचं चालू खातं तिथेच, त्याने पगार कशाने करायचा? फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींचा विमा १ लाखावरून ५ लाखांवर गेला, ते चांगलंच झालं, पण कारखान्याच्या चालू खात्यात ५ लाख म्हणजे एका आठवड्याची उलाढाल. तेव्हापासून बँक निवडताना आम्ही व्याजदराच्या आधी तिचा ताळेबंद बघतो. कर्ज घेणाऱ्यानेही बँकेची पत तपासावी, हे सांगितलं की नवे ग्राहक हसतात.

जीएसटी १ जुलै २०१७ ला आला आणि आमच्या कामाचा पोतच बदलला. पूर्वी फाइलमध्ये आकडे मांडायला थोडी कलाकुसर चालायची, हे उघड गुपित. आता विक्री रिटर्नमध्ये, पैसे बँक स्टेटमेंटमध्ये, नफा आयटीआरमध्ये, आणि तिन्ही एकमेकांशी जुळले नाहीत तर क्वेरी. आमच्याकडची मुलं दिवसभर ही जुळवाजुळवच करतात. २०१९ च्या ऑक्टोबरपासून छोट्या उद्योगांचे फ्लोटिंग दर बाहेरच्या बेंचमार्कशी बांधले गेले, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, त्यामुळे दर का बदलला हे ग्राहकाला निदान समजावता येतं. पीएलआरच्या काळात ते देवालाही समजावता आलं नसतं.

करोनात इसीएलजीएस ही सरकारी हमीची तातडीची कर्ज योजना आली: २९ फेब्रुवारी २०२० ला जे येणं बाकी होतं त्याच्या २० टक्के वाढीव कर्ज, पूर्ण सरकारी हमी, बँकांसाठी दर जास्तीत जास्त सव्वानऊ टक्के, वर्षभर मुद्दलाला सवलत. इतक्या कमी कागदांत इतकं कर्ज वाटलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मूळ दुखणं मात्र गिऱ्हाइकाच्या उधारीचं आहे आणि त्यावर प्राप्तिकर कायद्याच्या ४३बी(एच) या कलमाने थोडा दाब आणला. सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. मार्च २०२४ च्या अखेरीस आमच्या काही ग्राहकांच्या खात्यात वर्षांची थकबाकी आठवड्यात जमा झाली. काहींना मात्र मोठ्या कंपनीने सांगितलं, 'उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) काढून टाका, तरच ऑर्डर.' त्यातल्या एकाने ते खरंच काढलं. मी त्याला दोष देत नाही, पन्नास टक्के धंदा त्या एका कंपनीचा होता.

आता ऑफिस ठाण्याला आहे, कारण कारखाने तिकडेच सरकले. भागीदाराची मुलगी सीए होऊन आमच्यात आली आहे आणि फायली कागदावर ठेवणं तिने बंद केलंय. एक गोष्ट मात्र पहिल्यापासून तशीच ठेवली: फी मंजूर रकमेच्या टक्केवारीवर घ्यायची नाही, कामावर घ्यायची. टक्केवारीवाला कन्सल्टंट ६० लाखांची गरज ९० करून आणतो आणि व्याज गाळेवाला भरतो. आमच्याकडून मात्र कधी कधी 'एवढं घेऊ नका' असं ऐकावं लागतं, मग तो माणूस दुसरीकडे जातो. गेल्या महिन्यातच भिवंडीचा एक गेला. त्याची फाइल भागीदाराच्या मुलीने अजून बंद केलेली नाही, म्हणते, "काका, त्याची येणी ऑक्टोबरात नव्वद ओलांडतील, तेव्हा फोन येईल."